पुढच्या दाराचं गहाण

"अनंतराव पुढच्या दारानं आत यायचे नाहीत! आत्ताच सांगून ठेवते, भीमाशंकर… लेक माझी आहे, दार मी सोडवलंय, आणि त्या दारातून कोण यायचं अन् कोण नाही, ते मीच ठरवणार!"

प्रेमलाबाई आंब्याची पानं सुतळीत ओवून राहिल्या होत्या, आणि बोलता बोलता एकेका पानाचा देठ अशा काही त्वेषानं पिळत होत्या की उदगीरहून बहिणीच्या मदतीला आलेल्या भीमाशंकराला त्या बिचाऱ्या पानांचीच कीव आली.

"ताई, अगं नवरीचा सख्खा चुलता आहे तो," भीमाशंकर चाचरत म्हणाला. "विमलचे वडील नाहीत. कन्यादान त्यानं करायचं. मी मामा, माझं काम पोरीला बोहल्यापर्यंत आणायचं. लोक काय म्हणतील?"

"सात वर्षं मी या घरात चोरासारखी मागच्या दारानं आले-गेले, तेव्हा काय म्हणाले होते लोक? कन्यादान तू आणि तुझी बायको करणार. अनंतरावांचं पान मागं, म्हशीच्या गोठ्याशेजारी मांडायचं. हाव, तिथंच!"

भीमाशंकर गोठ्याशेजारची जागा झाडायला उठला. देगलूरच्या त्या गल्लीत प्रेमलाबाईंचा शब्द ओलांडायचा म्हणजे चेष्टा नव्हती!

पण त्या मुळात अशा नव्हत्या हो… नवरा असताना त्यांच्याइतकी हसरी सून अख्ख्या गल्लीत नव्हती. रेणुकादास स्वभावानं देवमाणूस, धाकट्या भावावर जीव टाकणारा. आणि अनंताला तर प्रेमलाबाईंनीच हातानं भरवून मोठा केलेला. असा तो अनंता वकिलीची परीक्षा पास झाला आणि त्याला लातुरात कचेरी थाटायची घाई झाली. त्याच सुमारास रेणुकादासांना विषमज्वरानं धरलं. ताप असा की समोरचं माणूस ओळखेना! आणि त्या तापात, उशाशी बसून, "दादा, मुन्सफीतला साधा कागद आहे," असं म्हणत अनंतानं भावाची सही घेतली. प्रेमलाबाई शेजारी कपाळावरच्या पट्ट्या बदलत होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत झालं ते सगळं!

रेणुकादास गेले. तेरावा झाला, आणि चौदाव्या दिवशी महादेवप्पा अडत्याच्या गाड्या दारात उभ्या राहिल्या. गाड्यांत मिरचीची पोती. त्या सहीनं घराचा पुढचा भाग, म्हणजे चार खण आणि रस्त्यावरचं मोठं दार, अनंताच्या कचेरीच्या पैशांसाठी दहा वर्षांच्या मुदतीनं कबजेगहाण टाकला होता. व्याज नाही, व्याजापोटी महादेवप्पानं जागा वापरायची. मुद्दल फिटेल त्या दिवशी कबजा सुटायचा. हमाल पोती आत टाकत होते, घरभर मिरचीचा खाट सुटला होता, लहानगी विमल शिंका देऊन देऊन रडकुंडीला आली होती, आणि अनंतराव वकील मान खाली घालून भिंतीशी उभे होते.

"दोन वर्षांत सोडवून देतो, वहिनी…"

"तुम्ही?" प्रेमलाबाईंचा आवाज इतका शांत होता की हमालसुद्धा थबकले. "तुमचा एक रुपया या घराला लागला तर मी त्यांची बायको नव्हे! मी सोडवीन. पोटाला चिमटा काढीन, हाडं झिजवीन, पण मुदतीच्या आत सोडवीन. आणि ज्या दिवशी ते दार सुटेल ना, त्या दिवशी तुम्ही या घरात मागच्या दारानं वाकून याल! गावासमोर!"

आता दहा वर्षांचं गहाण मुदतीआधी सोडवायचं म्हणजे काय खायचं काम होतं? दिवाळी आणि पाडवा असे दोन हप्ते ठरलेले. ते तर भरायचेच, पण प्रेमलाबाईंनी वेगळाच नेम धरला. दर बाजाराच्या दिवशी त्या महादेवप्पाच्या आडतीवर जायच्या आणि पदराच्या गाठीतून निघेल तेवढं, कधी निजामाचा हाली रुपया, कधी आठ आणे, कधी नुसती चवली, हप्त्याशिवाय जादा म्हणून मुद्दलात जमा करायला लावायच्या.

"अक्का, असं चिमणीच्या चोचीनं किती दिस भरणार ओ?" महादेवप्पा हसायचा. "दहा वर्षं हायत की. सावकाश द्या."

"तुम्हाला सावकाशच पाहिजे! जागा फुकट वापरून राहिलात ना! जमा करा मुकाट्यानं."

त्या एका चवलीसाठी घरात काय काय झालं, ते विचारू नका. म्हशीचं दूध चरवीभर निघायचं, ते सगळं उकाड्यानं, म्हणजे रतिबानं, विकलं जायचं. घरात पांढरं म्हणाल तर फक्त ताक. दिवेलागणीच्या आत जेवणं उरकायची, म्हणजे तेल वाचेल. पुढं लढाई सुरू झाली, घासलेट महागलं, तसा दिवा फक्त देवापुढं राहिला. लोकांच्या घरच्या शेवया, कुरडया, पापड लाटून प्रेमलाबाईंच्या मनगटांना सूज यायची. विमलला चौथीतून काढलं, कारण घरात बसून तीही पापड लाटू शकत होती. आणि भाकरीवर मिठाची चिमूट टाकताना प्रेमलाबाईंच्या डोळ्यांसमोर काय असायचं? वाकलेले अनंतराव! त्या एका दृश्यावर त्या जेवत होत्या, त्या एका दृश्यावर त्यांना झोप लागत होती…

अनंतराव दर दिवाळीला यायचे. मागच्या गल्लीत उभे राहून पैशांची पुरचुंडी पुढं करायचे. आणि दर दिवाळीला प्रेमलाबाई ती पुरचुंडी घेऊन, त्यांच्या देखत, गल्लीतल्या चिखलात भिरकावून द्यायच्या. काय समाधान वाटायचं म्हणून सांगू! अंगावर मूठभर मांस चढायचं.

तीन वर्षं आधीच मुद्दल फिटलं. महादेवप्पानं कागद फाडून त्यांच्या हातात दिला आणि टोपी काढली. "हार गेलो, अक्का. दोन डाव वकीलसाब स्वतः पैसे घेऊन आले होते. तुम्ही तंबी दिल्ती म्हणून मी घेतले न्हाईत. घेतले असते तर कवाच सुटलं असतं बघा."

"बरं केलंत," प्रेमलाबाई म्हणाल्या. पोती निघाली, जमीन सारवून झाली, मुदखेडच्या चांगल्या घरातलं स्थळ विमलला सांगून आलं, आणि सुडाची घटका दारात येऊन उभी राहिली.

लग्नाच्या दिवशी पुढच्या दारात मांडव. वऱ्हाड मारुतीच्या देवळात उतरलेलं. चार खणांत बसलेल्या पाहुण्यांना जुन्या मिरचीच्या वासानं अजून शिंका येत होत्या, आणि प्रत्येक शिंकेला प्रेमलाबाईंना नवं बळ चढत होतं. त्या पुढच्या उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. अनंतराव येतील, पायरीवर पाय ठेवतील, आणि मग सगळ्या गावासमोर आपण म्हणायचं, "वकीलसाहेब, तुमची वाट मागून आहे!" शब्द किती वेळा घोकून ठेवले होते…

बैलांची दमणी आली. अनंतराव उतरले, मागून त्यांची बायको विशाखा उतरली. अनंतरावांनी एकदा तोरणाकडं पाहिलं, उंबऱ्यातल्या वहिनीकडं पाहिलं, लांबूनच हात जोडले, आणि कुणी काही म्हणण्याआधी बायकोला घेऊन ते घराला वळसा घालून मागच्या गल्लीकडं चालू लागले.

घोकलेले शब्द ओठातच राहिले! प्रेमलाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. हे काय? ना हुज्जत, ना विनवणी! त्या तरातरा मागं गेल्या. मागच्या बुटक्या दारातून वाकून अनंतराव आत आलेले, रेशमी कोटाला गल्लीतला चिखल लागलेला, आणि ते गोठ्याशेजारी मांडलेल्या पाटावर निमूट बसलेले. विशाखा शेजारी डोळ्यांना पदर लावून उभी.

"तुमचं पान इथंच येईल," प्रेमलाबाई म्हणाल्या.

"बरं, वहिनी."

बस्स! एवढंच! सात वर्षं उपाशी राहून जे ताट मागवलं, त्याला चवच नव्हती… प्रेमलाबाई काहीतरी आणखी जहरी बोलणार, तेवढ्यात मागं बांगड्या वाजल्या. अष्टपुत्री नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली विमल गौरीहरापुढून उठून आली होती. ती आली आणि सरळ काकाच्या शेजारी, शेणाच्या ओल्या जमिनीवर बसली.

"विमल! ऊठ! मुहूर्ताला किती वेळ राहिलाय?"

"भटजींना इकडं बोलवा. काकांची वाट मागून, तर माझीही मागून. मी सासरीसुद्धा इथूनच जाईन."

"अगं कार्टे… तुझ्यासाठी सोडवलं ना ते दार! माझी लेक मागच्या दारानं सासरी जाऊ नये म्हणून रक्ताचं पाणी केलं मी!"

"माझ्यासाठी?" विमलचा आवाज चिरकला, पण तिनं मान खाली घातली नाही. "काकांनी नांदेडच्या कन्याशाळेची फी आणली होती. तू ती चिखलात फेकलीस. ते पैसे कोण वेचायचं, माहितेय? दरसाल मी वेचायचे! हातानं धुवायचे आणि काकांना परत द्यायचे, कारण घरात आणले तर तू मला मारलं असतंस. मी काय मागत होते गं? शाळा आणि एक वाटी दूध! काकांचे पैसे घेतले असतेस तर दार कधीच सुटलं असतं. पण तुला दार नकोच होतं, आई… तुला काका वाकलेले पाहिजे होते. घे बघून! वाकलेत!"

प्रेमलाबाईंचा हात उगारला गेला… आणि तसाच राहिला. लेकीच्या तळहाताकडं त्यांचं लक्ष गेलं. मेंदीखालीसुद्धा लाटण्याचे घट्टे लपत नव्हते. सतरा वर्षांच्या पोरीचे हात, आणि मोलकरणीसारखे! हे आपण केलं? अनंतानं नव्हे… आपण?

पुढून भटजींची हाक आली. "मुलीच्या मामा, मुलगी आणा!"

"उठा, भावजी," प्रेमलाबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "पुढं चला. कन्यादान तुमचं आहे."

आणि काय गंमत बघा, इतका वेळ 'बरं वहिनी' म्हणणारा माणूस आता हलेना! "नाही वहिनी. त्या दाराला माझा एक पैसा लागलेला नाही. मी कुठल्या तोंडानं येऊ त्यातून?"

मग मात्र बांध फुटला. "पैसा, पैसा, पैसा! दर दिवाळीला पैसेच घेऊन आलात! माझ्या हातचं खाऊन मोठे झालात आणि माझ्या समोर, माझ्या नवऱ्याच्या तापाचा फायदा घेतलात… एका दिवाळीला तरी नुसतं 'चुकलो' म्हणाला असतात! एकदा! मी दार उघडलं असतं हो, अनंता… तेव्हाच उघडलं असतं!"

अनंतराव पाटावरून उठले ते सरळ वहिनीच्या पायांवर कोसळले. कोर्टात तासन् तास बोलणाऱ्या त्या माणसाला दोन शब्द जुळवता येईनात. "चुकलो… वहिनी, दादा माझ्याकडं बघून हसला होता सही करताना. ते सांगायचं कसं? पैसे देणं सोपं होतं. चुकलो मी. चुकलो!"

प्रेमलाबाई खाली बसल्या. ज्या दिराला भरवलं होतं त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्या हमसून हमसून रडल्या. विशाखा रडली, दारात आलेला भीमाशंकर उपरण्यानं डोळे पुसू लागला. एकटी विमल रडली नाही. तिनं काकाला हाताला धरून उठवलं, त्याच्या कोटाचा चिखल आपल्या पदरानं झटकला, आणि मग सगळे मिळून पुढं गेले.

कन्यादान अनंतराव आणि विशाखानं केलं. पंगती उठल्या, आणि मुलगी निघायची वेळ झाली. पुढच्या मोठ्या दारात दमणी उभी होती. विमल सगळ्यांच्या पाया पडत पडत आईपाशी आली. प्रेमलाबाईंनी तिचे दोन्ही हात धरून ते आपल्या गालांना लावले.

"विमल… मी पण चुकले गं. माफ कर तुझ्या आईला."

 विमलनं आईच्या कपाळावरचे केस मागं सारले. अवघी चाळिशीची आई, आणि सगळे पांढरे!

"करीन, आई," ती म्हणाली. "पण आज नाही. मलाही थोडी वर्षं लागतील. सणासुदीला मी येत राहीन, पाठवणार नाहीत तर भांडून येईन… पण लगेच कर म्हणू नकोस."

लोकांना वाटलं, आता प्रेमलाबाई कोसळतील. पण त्यांनी डोळे पुसले, लेकीच्या पदराची गाठ नीट केली आणि मान हलवली.

"सावकाश कर," त्या म्हणाल्या. "मी घरातच आहे."

दमणी वळणापलीकडं गेली तरी त्या उंबऱ्यात उभ्या होत्या. लेकीचा हा हट्ट कुणावर गेला, ते त्यांना कुणी सांगायला नको होतं.