दोर सोडल्यावर

टगबोटीचं काम म्हणजे हमालीच, बरं का. फरक इतकाच की ओझं डोक्यावर नसतं, मागे असतं. त्या दिवशीचं ओझं होतं एक जुनं मालवाहू जहाज. इंजिन बंद, आत माणूस नाही, भंगारात निघालेलं. दुसरा कुणी कप्तान असता तर शिट्टी वाजवत ओढून घेऊन आला असता. पण याच जहाजाच्या इंजिनघरात पाणी शिरलं तेव्हा आपल्या कप्तानाचा धाकटा भाऊ आत होता. पुढे पाणी उपसलं, पण तो काही सापडला नाही.

हे काम कप्तानाने हातापाया पडून मागून घेतलं होतं. जहाज तोडताना एखाद्या कोपऱ्यात काही मिळालं तर... निदान हाडं तरी. निघताना आई एवढंच म्हणाली होती, "त्याला घेऊन ये रे."

दुपारी धुकं उतरलं. मागचं जहाज दिसेनासं झालं. नुसता दोर तेवढा बोटीवरून पाण्यात उतरलेला दिसत होता. तो असाच सैल हवा. दोराला झोळ असला की लाटांचे सगळे हिसके तो पोटात घालतो. ताठ झाला की समजावं, काहीतरी बिनसलंय.

आणि तो ताठ होऊ लागला. पाणी निथळत वर आला, कुरकुरला. बोटीचा मागचा भाग दबला आणि डेकवर पाणी चढलं.

इंजिनवाला धावत वर आला. कप्तानाचा जुना दोस्त, एरवी तोंडाचा पट्टा थांबायचा नाही. आता मोजकंच बोलला. "मागचं बुडतंय. दोर सोड."

"थांब जरा."

"अरे, ते आपल्यालाही घेऊन जाईल! खाली आपली माणसं आहेत..."

कप्तानाचा हात दोराच्या लोखंडी रिळावर होता. त्यातून ठोके येत होते. ठक... ठक ठक... कुणीतरी आतून पाना आपटावा तसे.

"ऐकतोयस?"

इंजिनवाल्याने हात ठेवला आणि झटकन काढून घेतला. "लाटा असतील," तो म्हणाला, पण कप्तानाच्या डोळ्यांत बघायची त्याची छाती झाली नाही.

"माफ कर रे राजा," म्हणत कप्तानाने दोर सोडायचा दांडा ओढला. दोर सुळकन पाण्यात गेला. ठोके थांबले. कप्तान तिथेच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. आता आईला काय तोंड दाखवू, एवढंच त्याच्या मनात होतं.

खरं तर ओझं सुटल्यावर बोट उधळायला हवी होती. पण इंजिन पूर्ण जोरात असूनही ती तशीच रडतखडत चालली होती.

"दोर सुटलाय ना?" इंजिनवाल्याने हळूच विचारलं.

"सुटलाय."

"मग आपण... ओढतोय काय?"

कप्तानाने मागे पाहिलं नाही. वेग मात्र कमी केला, हिसका बसू नये म्हणून.

संध्याकाळी बोट धक्क्याला लागली. आई शाल गुंडाळून उभी होती. कप्तान मान खाली घालून तिच्यासमोर गेला. "आई, नाही गं आणता आलं..."

आईचं लक्षच नव्हतं. ती त्याच्या खांद्यामागे बघत होती. तिने अंगावरची शाल काढली आणि कप्तानाच्या खांद्यावरून मागे धरली.

"किती रे भिजलास," ती म्हणाली. "चल घरी."

ती वळली तेव्हा शाल तिच्या हातात नव्हती. धक्क्यावर पडलेलीही नव्हती.