धुतलेले आकडे

"अहो... अहो, हे काय केलंत!"

टेम्पोतून उतरलेला तरुण अंगणात कपाळाला हात लावून उभा राहिला. शेवटचा खांब घासता घासता दीपमालाने वर पाहिलं. स्वारी चिडलेली होती, पण डोळे मोठे गोड होते.

"धुतलं की. परक्या गावी जायचं, ते काय धुळीनं माखून?"

गुंजवण्यातलं तिचं जुनं घर आता पुण्याच्या बागेत, जुन्या घरांच्या संग्रहालयात उभं राहणार होतं. तिथल्या माणसांनी ते उतरवून एकशे सोळा लाकडांवर खडूने आकडे घातले होते. दीपमालाने सगळे धुऊन काढले! संग्रहालयाचा हा तरुण, सार्थक, हताश झाला.

"आता कुठलं लाकूड कुठं, कोण सांगणार?"

"म्या सांगंन. ह्यो माजघरातला खांब. घरच्या माणसांची उंची ह्याच्यावर कोरायची रीत हाय आमची. ही माझी."

"एवढीच वाढलात?"

ती लाजली, आणि लाजल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

पुढचे पाच रविवार ती वडिलांना, म्हणजे दादूंना, घेऊन वेल्ह्याहून एसटीने पुण्याला गेली. जिवाला एकच घोर — आपल्या पायी घर चुकीचं उभं राहिलं तर? ती बोट दाखवी, सुतार लाकूड बसवीत. अडली, की डोळे मिटून लाकडावर हात फिरवी. तेवढ्यात सार्थक चहा घेऊन हजर! दादूंचा झाडाखाली डोळा लागे, की ते लावून घेत, त्यांनाच ठाऊक.

चौथ्या रविवारी, नसरापूर फाट्यावर, तिने मनाशी कबूल केलं... आवडतो आपल्याला हा.

पाचव्या रविवारी घर पुरं झालं. फोटो काढायला सार्थकने तिला आपला मोबाईल दिला. तिचं बोट सरकलं — आणि समोर सगळी लाकडं, खडूच्या आकड्यांसकट!

"हे... कवाचं?"

त्याचे कान लाल झाले. "घर उतरवलं तेव्हाचं. माणसांनी फोटो पाठवले होते. घाबरलो तेव्हा आठवलंच नाही... रात्री सापडले."

"मंग माझी गरजच नव्हती?"

"घराला नव्हती," तो हळूच म्हणाला. "मला होती."

"पाच रविवार झोप न्हाई मला!"

"चुकलं माझं. पण सांगितलं असतं, तर आला असतात?"

सुताराची पटाशी उचलून तिने त्याला माजघरातल्या खांबाला टेकवून उभं केलं.

"अहो, इथं कोरायला मनाई आहे!"

"ती परक्यांला," दीपमाला म्हणाली आणि टाचा उंचावून तिने त्याच्या डोक्याशी पटाशी टेकवली. "हलू नगासा. ह्यो आकडा धुऊन जायाचा न्हाई."