कमळाखालची पंगत

“दादा, तू... तू असं कर ना, त्या मागच्या टेबलावर बस. इथं व्याह्यांची माणसं बसतील.”

मंगेशने हे इतक्या गोड आवाजात सांगितलं की गोमाजींना क्षणभर वाटलं, धाकट्या भावाला आपल्या दुखऱ्या गुडघ्यांचीच काळजी असावी! पण त्याचा हात कोपराला धरून त्यांना ढकलत होता... थेट स्वयंपाकघराच्या दाराशी, दगडी खांबाआड. आज त्यांच्या एकुलत्या पुतणीचा, सलोनीचा साखरपुडा, आणि तिच्या काकाने पाहुण्यांच्या नजरेसही पडायचं नव्हतं!

“पुण्याची मोठी माणसं आहेत रे,” मंगेश पुटपुटला. “त्यांना जेलचं कळलं तर...”

“नाय कळायचं,” गोमाजी म्हणाले आणि मुकाट्याने बसले.

बावीस वर्षांपूर्वी कशेडी घाटात मंगेशच्या हातून जीप सुटली आणि समोरून येणारा मोटारसायकलवाला जागीच गेला. मंगेश नुकताच शाळामास्तर झालेला, बायकोला सातवा महिना. आईने गोमाजींपुढे पदर पसरला... “तू एकटाच हायस रे बाळा, त्याचा संसार हाय!” गोमाजींनी पोलिसांना सांगितलं, गाडी मी चालवत होतो. दीड वर्षाची शिक्षा झाली. उमरठच्या मुलीशी ठरलेली त्यांची सोयरीक मोडली, ती मोडलीच. आईही गेली, आणि खरं काय ते जाणणारे दोघेच उरले, एक गप्प राहून झिजणारा आणि एक गप्प राहून सुखी!

तुरुंगातल्या सुतारकामाच्या शाळेत मात्र त्यांच्या हाताला कला लाभली. सावित्रीकाठची महाडची ही जुनी धर्मशाळा, तिचं ते अष्टकोनी दालन, काळ्या दगडाच्या आठ कमानी, आणि मधे एकही खांब न घेता उमललेलं सागवानी कमळाचं छत! महापुराने त्याच्या तीन पाकळ्या कुजवल्या, तेव्हा एक खिळाही न ठोकता, लाकडात लाकूड अडकवून त्या पुन्हा घडवल्या गोमाजींनी. त्यानंतरच महाडच्याच तेजश्रीने इथे आपलं हॉटेल उघडलं, आणि आजचा साखरपुडा त्याच छताखाली होता.

ताटं वाढली गेली. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, वाफाळते मोदक... पण नवऱ्या मुलाचे वडील जेवायचं विसरून वरच बघत राहिले.

“काय काम आहे हो! नवं कुठलं, जुनं कुठलं, काही कळत नाही. कोणी केलं?”

“ते काय, तिथे बसलेत,” तेजश्री कौतुकाने म्हणाली. “आमचे गोमाजीकाका!”

व्याही उठून थेट खांबाआड आले, गोमाजींचे हात त्यांनी हातात घेतले. “कुठे शिकलात हे?”

गोमाजींनी मंगेशकडे पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“असंच... बघून बघून.”

“तुमच्या ओळखीचे का हे?” व्याह्यांनी मंगेशला विचारलं.

“हो... आमच्या गावचे मिस्त्री आहेत.”

तुरुंगाच्या वहीतही गोमाजींच्या नावापुढे त्यांच्या बापाचं नाव होतं. सख्ख्या भावाने आज तेही पुसून टाकलं! ते उठले. टोपी सावरून दाराकडे निघाले...

“काका, थांबा!” भरजरी साडी सावरत सलोनी आडवी आली. “बाबा, काय बोलताय तुम्ही? मिस्त्री?” ती सासऱ्यांकडे वळली. “हे माझे सख्खे काका आहेत. यांच्या गाडीखाली एक माणूस गेला, हे तुरुंगात होते. मलाही लाज वाटायची. पण मला खांद्यावर बसवून शाळेत यांनीच नेलं! तुम्हाला चालत नसेल तर आत्ताच सांगा.”

आणि मंगेश मटकन खाली बसला.

“गाडी... गाडी मी चालवत होतो गो, सलोनी! दादा गाडीत नव्हतासुद्धा!”

बापाकडे सलोनीने पाहिलंच नाही. काकांच्या छातीवर डोकं टेकून ती हमसून रडू लागली. नवरा मुलगा, ऋत्विक, तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. “अंगठी आज घालूच,” व्याही म्हणाले, “पण मुलीच्या बाजूने पाटावर हे काका बसतील.” मंगेशकडे मात्र त्यांनी पुन्हा मान वळवली नाही.

मंगेशने मोठ्या भावाचे पाय धरले. “दादा... मला माफ केलंस ना रे?”

गोमाजींना वाटलं होतं, हे शब्द ऐकले की मन पिसासारखं हलकं होईल. झालं नाही! उमरठची ती मुलगी, आईचा पदर, बावीस वर्षं... सगळं तसंच छातीवर होतं.

“नाय रे. अजून नाय,” ते सावकाश म्हणाले. “उद्या त्या मेलेल्या माणसाच्या बायकोच्या दारात जाऊ, दोघं. तिला तू सांग, तुझ्या तोंडानं. मग बघू.”

मंगेश खाली मान घालून रडत राहिला. गोमाजींनी शेजारची खुर्ची ओढली.

“बस. जेव आता.”