सेविमची खारट कॉफी

दिवा राहू दे लागलेला. नेज्मी सुताराचं सांगतो. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आमच्याच गल्लीत वाढलेला. भूतबीत अजिबात न मानणारा.

गेल्या नोव्हेंबरातला पहिला शुक्रवार, संध्याकाळची अजान नुकतीच झालेली. आपल्या समात्या मोहल्ल्यातलं एक लाकडी घर पाडायचं होतं. त्याची दारं उतरवायला कंत्राटदाराने नेज्मीला पाठवलं. घर बघितलं आणि तो रस्त्यातच थांबला. ते सेविमचं घर होतं.

ऐंशी साली लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा दोघं विशीतली. चोरून भिंतींवर लष्कराविरुद्धची पोस्टरं चिकटवायची, त्यातच प्रेमात पडली. नेज्मी वडीलधाऱ्यांना घेऊन मागणी घालायला गेला. मग काय, आपली रीतच ती, मुलीने आणलेली कॉफी, नवऱ्या मुलाच्या कपात मीठ! तोंड वाकडं न करता संपवायची, तरच तो खरा. हसतोस काय ओनूर, पुढच्या महिन्यात तुलाही प्यायची आहे.

सेविम कप देत हळूच म्हणाली, "पी बघू, शूरवीर!"

तेवढ्यात दारात लष्करी गाडी थांबली. आणि हा पठ्ठ्या भरला कप ठेवून स्वयंपाकघराच्या खिडकीतून पसार! सेविमच्या नखांत पोस्टरची खळ सापडली. तिला नेलं. तुरुंगातून ती परत आलीच नाही. याने पुढे लग्न केलं नाही.

तर नेज्मी आत शिरला. वीज तोडलेली. गॅस तोडलेला. आणि कॉफीचा वास...

ओट्यावर ट्रे. एकच कप. वर फेस.

"सेविम?"

त्याने कप उचलला. गरम. एक घोट घेतला. खारट. डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड वाकडं केलं नाही. मागे फळी करकरली. कुणीतरी उभं होतं. अजून दोन घोट, बस्स...

दारात जड गाडीचा ब्रेक लागला.

नेज्मीने कप ठेवला. खिडकीतून उडी.

कचऱ्याची गाडी होती, कचऱ्याची! त्याच रात्री माझ्या घरी येऊन त्याने हे सांगितलं, तेव्हा असा संताप आला मला! "अरे गाढवा, जन्मभर ज्या कपासाठी झुरलास, तो पुन्हा टाकून आलास?"

लंगडत, रडत म्हणाला, "दादा, पाय ऐकतच नाहीत रे. उद्या पितो. अल्लाची शपथ, थेंब ठेवत नाही."

सकाळी दंडाला धरून नेलं त्याला. ट्रे तिथेच होता. कप मात्र बशीवर उपडा घातलेला... कॉफी पिऊन संपली की पिणारा नशीब बघायला घालतो तसा.

नेज्मी दारातच खाली बसला. मी कपाच्या बुडाला हात लावला.

अजून गरम होतं.