भरलेली टाकी

"साहेब, ते पळून जाणारे नाहीत हो," ती बाई फौजदारबाईंना चौथ्यांदा म्हणाली.

तिचा नवरा मैला-टाक्या साफ करायचा. काल सकाळी मास्तरांच्या घरी कामाला गेला, तो परतलाच नाही. त्याची सायकल मात्र बसथांब्यामागे सापडली होती.

फौजदारबाई तिला घेऊन तिथं गेल्या. सायकलीला हात लावताच बाईच्या कपाळावर आठी पडली.

"सीट एवढी वर कुणी केली? ते बुटके. पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट अगदी खाली ठेवायचे."

तिला जीपमध्ये बसवून फौजदारबाई मास्तरांच्या दारी गेल्या.

मास्तर निवृत्त होते, अंगानं लहानखुरे. शेजारी त्यांचा मुलगा उभा होता, दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच.

"काल काय काय झालं?"

"पंपवाल्यांनी वरचं सगळं उपसून नेलं," मास्तर म्हणाले. "तळाचा घट्ट गाळ खरवडायला तो सफाईवाला उतरला. दुपारी हातपाय धुऊन गेला."

"म्हणजे टाकी रिकामी झाली?"

"अगदी लख्ख."

"घरात माणसं किती?"

"आम्ही दोघंच."

परसात जाऊन फौजदारबाईंनी शिपायाकडून टाकीचं झाकण सरकवून घेतलं. पाणी बाहेर जाणाऱ्या नळापर्यंत टाकी तुडुंब होती. वर नितळ पाणी.

"मास्तर, आमच्याही घरी अशीच टाकी आहे. उपसल्यावर ती पुन्हा भरायला आम्हा पाच जणांना कितीतरी दिवस लागतात. तुमची एका रात्रीत भरली?"

"वास येऊ नये म्हणून बागेच्या नळीनं भरली."

फौजदारबाईंनी परसातला बांबू आत सोडला. तो तळाला लागण्याआधीच कशाला तरी अडला. मास्तर मुलाच्या पुढे येऊन उभे राहिले.

"मीच केलं. तो आत कोसळला, मी घाबरलो. पोलीस, कोर्टकचेरी, सगळं डोळ्यांपुढं आलं. झाकण लावून पाणी सोडलं. मुलगा गावातच नव्हता."

"सायकल कुणी नेली?"

"मीच."

"चालवत?"

"हो, चालवत."

"नाही मास्तर. त्या सीटवरून तुमचे पाय पॅडलपर्यंत पोचणार नाहीत. कुणीतरी उंच माणसानं स्वतःसाठी ती वर केली आणि घाईत खाली करायला विसरला." फौजदारबाई मुलाकडे वळल्या. "ती सायकल तुम्ही नेलीत. तो पळाला असं वाटावं म्हणून बसथांब्यापाशी सोडलीत. आणि ज्याला सायकल लपवायची घाई, त्यानंच टाकी भरली."

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा देवळात गेले होते. तो नको म्हणत होता. झाकण दिवसभर उघडं राहू द्या, आतला विषारी वायू जाऊ दे, मग उतरतो म्हणाला. मीच मागे लागलो, संध्याकाळी पाहुणे येणार होते. उतरला आणि दोन मिनिटांत..."

"अग्निशमनवाल्यांना का बोलावलं नाहीत?"

"सुचलंच नाही."

"नळी लावायचं सुचलं. पाणी सोडलंत तेव्हा त्याचा श्वास चालू होता का, बघितलंत?"

"नाही बघितलं," मुलगा म्हणाला.

मास्तरांनी तोंड फिरवलं. लेकाला वाचवायला खोटं बोलले होते, पण हा प्रश्न त्यांनीही त्याला विचारला नव्हता.

मागे पावलं वाजली. जीपमधून उतरून बाई कधी परसात आली, कुणाला कळलं नाही. ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त टाकीकडे बघत राहिली.

"साहेब, त्यांना कधी नेता येईल?"

"आधी तपासणी होईल. मग तुमच्या ताब्यात देऊ."

"मग अंघोळ मीच घालीन. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका. कामाहून आले की लेक पळत येऊन बिलगायची, म्हणून ते बाहेरच साबण लावून लावून धुवायचे. असे घरी यायचे नाहीत ते."