कॉकवरची पक्कड

"दुवान, सायकल घट्ट धर! हलवू नकोस!"

"मी कुठे हलवतोय? सायकलच थरथरतेय. तुला घाबरली असेल!"

योर्लेनीनं पाना पुन्हा मागच्या चाकाच्या नटावर बसवला, दात-ओठ खाऊन जोर लावला, आणि पाना सर्रकन घसरला. नटाचे सगळे कोपरे झिजून तो पार गोल झाला होता. ओट्यावर पेरू खात बसलेली तिची मैत्रीण नेयला खो-खो हसली.

ग्वादुआल गावात शाळांना सुट्टी लागली होती. दुवान शहरातून मावशीकडे, म्हणजे योर्लेनीच्या घरी राहायला आला होता. रविवारी डोंगरउतारावर सायकलींची शर्यत होती आणि त्याच्या सायकलीचं मागचं चाक दारू प्यायल्यासारखं डुलत होतं!

"याला ओम्ब्रेसोलोच पाहिजे," योर्लेनी म्हणाली.

ग्रिप पक्कडीला ग्वादुआलात सगळे ओम्ब्रेसोलो म्हणतात, म्हणजे 'एकटा माणूस'. एकदा कट्‌कन जबडा मिटला की ती आपली आपण धरून बसते, दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही. योर्लेनीच्या बाबांच्या पेटीत एक होती, पण सरळ जबड्याची. तीही नटावरून दोनदा घसरली.

"सपाट वस्तूला सरळ जबडा, गोल वस्तूला बाकदार. बाबा नेहमी सांगतात," योर्लेनी म्हणाली. "बाकदार पक्कड जीपमध्ये आहे आणि जीप गेलीय कॉफीची पोती घेऊन बाजाराला."

"मग झालं! मी शर्यतीत पळत येतो, सायकल डोक्यावर घेऊन!"

तेवढ्यात योर्लेनीला आठवलं. डोंगरवाटेच्या कडेला, पेरूच्या जाळीत, सिमेंटचा एक खड्डा होता. त्यातल्या पाइपाला गंजलेली पक्कड चिकटून बसलेली तिनं कितीदा पाहिली होती. कुणीतरी विसरलं असणार. "आलेच!" म्हणून ती एकटीच पळाली.

पक्कड जाम बसली होती. सोडायची कळ दाबता दाबेना. योर्लेनीनं दोन्ही पाय सिमेंटला रोवले आणि सगळ्या अंगाचा हिसका दिला. हाताखाली काहीतरी वळलं, पाइपात गुर्र झालं आणि पक्कड निघाली. जबडा बाकदार होता! ती उड्या मारतच परत आली.

"अय्या, कुठे मिळाली?" नेयलानं विचारलं.

"बाबांच्या जुन्या पेटीत," योर्लेनी म्हणाली. आपण खोटं का बोललो, हे तिचं तिलाही कळलं नाही.

मग तिनं कामाला सुरुवात केली. पक्कडीच्या शेपटीचा स्क्रू फिरवून जबडा नटाच्या मापाला आणला. मिटवून बघितला तर सैल! स्क्रू जरा आत घेतला. आता दांडा दाबताना तळहात दुखला, तेव्हा कुठे कट्‌ झालं.

"चांगल्या नटाला ही कधी लावायची नाही हं, चावून खराब करते," ती बाबांच्याच आवाजात म्हणाली. "ज्याच्यापुढे हात टेकले, त्या नटालाच लावायची."

नट फिरला. दुवाननं अंगणभर नाच केला. योर्लेनीची छाती फुगली आणि पक्कड तिच्या पिशवीतच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेयला धापा टाकत आली. केस विस्कटलेले, डोळे लाल.

"खालच्या वाडीला पाणीच नाही! कालपासून एक थेंब नाही! आईची कॉफी टाकीत पडलीय!"

गर काढलेली कॉफी रात्रभर टाकीत आंबवतात आणि सकाळी भरपूर पाण्यानं धुतात. धुवायला उशीर झाला की आंबूस वास धरते, मग ती कुणी घेत नाही. ग्वादुआलात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दोन्या रुबिएलाची, म्हणजे नेयलाच्या आईची, सगळ्या आठवड्याची तोडणी त्या टाकीत होती.

"आणि छोट्या टपात माझी आहे," नेयला म्हणाली. "घरामागच्या ओळीची. मी एकटीनं तोडलेली. ती तर टाकीच्याही आधी घातली होती."

"पण आमच्या नळाला तर पाणी आहे!" दुवान म्हणाला. "म्हणजे मधेच कुणीतरी चोरतंय. चला, खालच्या वाडीपासून पाइप धरून वर येऊ. चोराला रंगेहाथ पकडू!"

पाइप धरून. म्हणजे पेरूच्या जाळीवरून. योर्लेनीची पावलं मंदावली. हाताखाली काहीतरी वळलं होतं, पाइपात गुर्र झालं होतं, सगळं तिला एकदम आठवलं. आत्ता सांगावं, आत्ताच. तिनं तोंड उघडलंसुद्धा. पण नेयला इतक्या विश्वासानं तिचा हात धरून चालत होती की तिनं ते पुन्हा मिटलं.

वाटेत डॉन बेलार्मिनोचं माशांचं तळं लागलं. (ग्वादुआलात मोठ्या माणसांना मानानं डॉन म्हणतात, बायकांना दोन्या.) तळं काठोकाठ भरलेलं! म्हातारा डॉन बेलार्मिनो काठावर वाकून मोठाले कॅन भरत होता. खेचर शेजारीच उभं होतं.

"बघा! सापडला!" दुवान ओरडला. "खालच्या वाडीचं पाणी तळ्यात! लाज नाही वाटत तुम्हाला?"

डॉन बेलार्मिनोनं मान वर करून तिघांकडे पाहिलं. त्याची नजर योर्लेनीवर थांबली. "तुलाही तसंच वाटतं का गं?"

योर्लेनी पायाखालच्या गवताकडे बघू लागली. 'नाही' एवढा एक शब्द होता, तोही तिला बोलता आला नाही. म्हातारा पुन्हा कॅन भरू लागला. कुणीतरी आपल्याला थोबाडीत मारावी, असं तिला वाटलं.

तिथून थोडं वर गेल्यावर नेयलानं दोघांना झुडपामागे ओढलं. "श्श! ते बघा काय चाललंय!"

पेरूच्या जाळीत गावाचा पाणीवाला डॉन सिगिफ्रेदो रांगत होता! चांगला आडदांड, मिशीवाला माणूस, पण हातापायांवर येऊन गवत चाचपत होता, मधेच उठून चोरासारखा इकडेतिकडे बघत होता.

"पाणी गेलंय आणि हा काय पेरू वेचतोय?" दुवान कुजबुजला.

"सकाळी आमच्याकडे आला होता," नेयला म्हणाली. "सगळ्यांना म्हणाला, पाइप ठीक आहे, मी तपासलाय, बेलार्मिनोनंच पाणी ओढलंय. दुपारी माणसं घेऊन त्याच्या तळ्याचा पाइप तोडणार आहेत. पण हा शोधतोय तरी काय?"

योर्लेनीला माहीत होतं काय ते. डॉन सिगिफ्रेदोलाही माहीत होतं पाणी का गेलं. खड्ड्यातल्या कॉकचा, म्हणजे पाणी सोडायच्या-बंद करायच्या चावीचा, दांडा कधीचा तुटला होता. नवा बसवायचा सोडून त्यानं तिथे पक्कड अडकवली आणि दिली सोडून. आता पक्कड नाही म्हणून तो एका म्हाताऱ्याच्या गळ्यात चोरी बांधून मोकळा झाला होता.

शी! केवढा माणूस हा, आणि केवढी लबाडी! योर्लेनीला त्याची किळस आली. आणि पुढच्याच क्षणी तिचे कान तापले. तो करत होता तेच तीही करत होती की सकाळपासून! तो झुडपाच्या त्या बाजूला, ती या बाजूला.

तिनं पिशवीत हात घातला आणि पक्कड काढून नेयलासमोर धरली.

"तो ही शोधतोय. ती त्या कॉकवर होती. मी काल ओढून काढली. बाबांच्या पेटीत नव्हती मिळाली."

दुवानचं तोंड उघडंच राहिलं. नेयलानं पक्कडीकडे पाहिलं, मग योर्लेनीकडे. इतका वेळ धरलेला हात तिनं सोडला.

"तुला माहीत होतं? तळ्यापाशी पण?"

"हो."

योर्लेनीला वाटलं, आता ही रडेल, ओरडेल. नेयलानं नुसतं नाक पुसलं. "ते नंतर. आधी पाणी. पण या राक्षसाला हलवायचं कसं? आपल्याला बघितलं तर पक्कड हिसकून घेईल आणि म्हणेल, पोरांनीच मोडलं."

"ते माझ्यावर सोडा!" दुवान म्हणाला. तो वळसा घालून वरच्या बाजूला गेला आणि जिवाच्या आकांतानं ओरडला, "साप! डॉन सिगिफ्रेदो, साप! तुमच्या मागे! हा एवढा जाड!"

डॉन सिगिफ्रेदोनं "आई गं!" म्हणून जी उडी मारली ती थेट वाटेवर. टोपी जाळीतच राहिली! मागे वळूनही न बघता तो उतारावरून धावत सुटला.

दोघी खड्ड्यापाशी धावल्या. पाइपावर लोखंडाचं एक बोटभर टोक होतं. एके काळी त्याला चपट्या बाजू असतील, आता झिजून गुळगुळीत झालं होतं. योर्लेनीनं पक्कड लावली, कट्‌ केलं, ओढलं. पक्कड घसरली आणि तिची बोटं सिमेंटवर खरवडली. रक्त आलं.

"सायकलच्या नटाचं माप आहे ना त्यावर!" नेयला म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, पण बोलली तर खरं.

योर्लेनीनं मान हलवली. स्क्रू फिरवून जबडा लहान केला. टोक जबड्यात अगदी खोलवर बसवलं. दांडा मिटेना, तेव्हा दोन्ही हातांनी दाबला. कट्‌! तिनं पक्कड हलवून पाहिली. जणू पाइपालाच फुटलेली!

"हिसका देऊ नकोस," परत आलेला दुवान म्हणाला. "टोक तुटलं तर संपलंच!"

हिसक्यानंच तर सगळं झालं होतं. या वेळी तिनं हळूहळू जोर वाढवत नेला. घाम डोळ्यांत उतरला. टोक किंचित हललं, आणखी हललं आणि पाव फेरा पूर्ण वळलं. पाइपाला कान लावून बसलेली नेयला ताडकन उठली.

"आलं! पाणी आलं!"

ती वाऱ्यासारखी खाली पळाली. मागे एकदाही वळली नाही.

दुवान आणि योर्लेनी पोचले तेव्हा दोन्या रुबिएलाच्या अंगणात सगळी वाडी जमली होती. तळ्याचा पाइप तोडायला कोयते घेऊन निघालेली माणसं आता टाकीभोवती उभी होती. टाकीत पाणी धो-धो पडत होतं. दोन्या रुबिएलानं मूठभर कॉफी उचलून हुंगली आणि डोळे मिटले. "वाचली! थोडक्यात वाचली!"

अंगणाच्या कडेला ते खेचर उभं होतं. डॉन बेलार्मिनोचे कॅन तिथे रिकामे पडले होते. तळ्यापाशी म्हातारा भरत होता ते पाणी त्यानं इथे, टाकीसाठीच आणून ओतलं होतं. दुवाननं ते पाहिलं आणि मान खाली घातली.

"या पोरांनी कॉक उघडला म्हणे!" कुणीतरी म्हणालं. "योर्लेनीनं! एकटीनं! बापाची पोर शोभते!"

डॉन सिगिफ्रेदो टोपीशिवाय पुढे आला. त्यानं योर्लेनीच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! गंजून बंद झाला असेल कॉक. होतं असं कधीकधी. मिटलं ना आता? चला!"

सगळे टाळ्या वाजवू लागले. तोंड बंद ठेवलं की संपलं, डॉन सिगिफ्रेदोही खूश, गावही खूश. योर्लेनीनं टाकीशेजारच्या छोट्या टपाकडे पाहिलं. त्याच्यापाशी नेयला उकिडवी बसली होती. टपातून आंबूस वास येत होता. तिची कॉफी गेली होती.

"टाळ्या वाजवू नका!" योर्लेनी ओरडली. तिचा आवाज चिरकला. "कॉक गंजला नव्हता. त्याचा दांडा तुटलाय आणि तिथे ही पक्कड लावलेली होती. मी ती काल सायकलीसाठी ओढून काढली. त्यानंच पाणी बंद झालं. मला सकाळीच कळलं होतं, तरी मी बोलले नाही. दुवाननं डॉन बेलार्मिनोंना चोर म्हटलं तेव्हासुद्धा बोलले नाही!"

टाळ्या थांबल्या. नुसता पाण्याचा आवाज. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं योर्लेनीला झालं. तिला मान वर करवेना.

"आणि पक्कड तिथे लावली कुणी?" दोन्या रुबिएलानं शांतपणे विचारलं.

सगळ्यांची तोंडं वळली. डॉन सिगिफ्रेदोची मिशी लटपटली. "ते... दांडा आणायचाच होता... राहून गेला..."

"आणि म्हणून कोयते घेऊन बेलार्मिनोच्या तळ्यावर निघालात? मिशीला तरी लाजायचंत!" दोन्या रुबिएला कडाडली. "आधी त्यांची माफी मागा. संध्याकाळच्या आत नवा दांडा बसला पाहिजे. आणि तू!" ती योर्लेनीकडे वळली. कॉफी ढवळायचं लाकडी वल्हं तिनं तिच्या हातात कोंबलं. "रडायचं नंतर. आधी हे ढवळ."

दुवाननं डॉन बेलार्मिनोची माफी मागितली. डॉन सिगिफ्रेदोनंही मागितली, जमिनीकडे बघत. योर्लेनी दुपार टळेपर्यंत कॉफी धूत राहिली. नेयला टाकीच्या दुसऱ्या टोकाला होती आणि एक शब्द बोलत नव्हती.

रविवारी उतारावर शर्यत सुरू झाली. दुवानच्या सायकलीची घंटी कॉफीच्या ओळींपर्यंत ऐकू येत होती. योर्लेनी शर्यत बघायला गेली नाही. कमरेला टोपली बांधून ती नेयलाच्या घरामागच्या ओळीत उभी होती. झाडांवर अजून फळं पिकत होती आणि छोटा टप रिकामा होता. बोलवलं कुणीच नव्हतं, तीच पहाटे आली होती.

वाटेनं डॉन बेलार्मिनो खेचर घेऊन चालला होता. तो थांबला.

"पोरी, तळ्यापाशी तू गप्प राहिलीस, ते मला लागलं. पण भरल्या अंगणात, टाळ्या वाजत असताना जे बोललीस, ते माझ्या वयातही मला जमलं नसतं. हे मी तुझ्या बापाला मुद्दाम सांगणार आहे."

योर्लेनीचे कान पुन्हा लाल झाले. याच्यापेक्षा तो रागावला असता तर सोपं गेलं असतं. तिनं घाईघाईनं जी फांदी हाताला आली तीच ओरबाडली.

"ए, हिरवी नको तोडूस!" ओळीच्या पलीकडून आवाज आला. नेयला कधीची तिथे उभी होती, स्वतःची टोपली घेऊन. "लाल तेवढीच घ्यायची. माझ्या टपात हिरवी चालत नाहीत."

"बरं," योर्लेनी म्हणाली. तिनं टोपलीतली हिरवी फळं एक-एक करून वेचून काढली. नेयला शेजारच्या झाडाला लागली. घंटी खाली वळणापर्यंत वाजत गेली आणि दोघी तोडत राहिल्या.