शेवटच्या रांगेतला ताल

चि. भरद्वाज,

अनेक आशीर्वाद.

तू व्हॉइस नोट मागितली होतीस, मी वहीची पानं पाठवतोय. अक्षर पहिलीतल्या पोराचं आलंय, त्याला हसू नकोस. तुमच्या पुण्यात कुणीही दोन पेट्या भाड्यानं आणतो आणि स्वतःला डीजे म्हणवतो. तू निदान विचारून शिकतोयस, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अठ्ठावीस वर्षं तंजावूरच्या मंडपांत मी हेच केलं. त्याआधी तीन वर्षं पुण्यातच एका साउंडवाल्याकडे होतो. देवनागरी लिहायला तिथेच शिकलो, नाहीतर इथे तंजावूरला राजवाड्यामागच्या आपल्या मराठी गल्लीत ती वाचणारे आता किती उरलेत ते तुझ्या आईला विचार.

आधी सामान. मिक्सर, दोन स्पीकर, बाससाठी दोन सब, लॅपटॉप, हेडफोन, सगळं तुझ्याकडे पाठवतोय. लॉरीवाला आठवड्यात पोचवेल. स्पीकर नेहमी माइकच्या पुढे ठेव, मागे ठेवलास तर शिट्टी वाजणारच. वायर घरून तपासून ने. आणि आवाज कमीच ठेव. तो वाढवायला कधीही जागा असते, पण एकदा लोकांचे कान दुखले की ते जेवायला उठतात आणि परत येत नाहीत.

गाणी आधी ठरवून जाऊ नकोस. पहिली तीन गाणी म्हाताऱ्यांसाठी लाव. ते बसून राहिले तर घरचे लोकही थांबतात. नाचणाऱ्यांकडे बघू नकोस, ते कशावरही नाचतात. कडेला उभे असलेल्यांचे पाय बघ. ते हलायला लागले की समज, हॉल तुझा झाला.

आता मुख्य गोष्ट. मिक्सरपाशी जे ऐकू येतं ते खोटं असतं. खरा आवाज शेवटच्या रांगेत असतो. मोठ्या टोळ्यांत एक माणूस मागे जाऊन ऐकतो. मी कायम एकटाच, त्यामुळे मी एक युक्ती काढली होती. शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर छोटा रेकॉर्डर चालू करून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी पिताना ते ऐकायचं. कुठे बास घुमला, कुठे लोक कंटाळले, सगळं कळतं.

ही युक्ती तू करू नकोस. का ते सांगतो.

तुझी आजी, म्हणजे माझी अम्मा, जाऊन दोन वर्षं झाली. तू तिला सुट्टीतच पाहिलंस. ती तिरुवैयारुला शाळेत गाणं शिकवायची, रोज टाउन बसनं जायची-यायची. घरात आम्ही दोघंच होतो. ती माझ्या कार्यक्रमाला एकदाही आली नाही. भांडली नाही, टाकून बोलली नाही, फक्त आली नाही. प्रत्येक मंडपात मी एकदा तरी शेवटच्या रांगेकडे बघायचो. पन्नाशी उलटलेल्या माणसानं हे लिहावं का कोण जाणे, पण तिनं एकदा येऊन बसावं, एवढीच माझी इच्छा होती.

गेल्या तै महिन्यात, म्हणजे तुमच्या माघात, मेडिकल कॉलेज रस्त्यावरच्या मंडपात एक रिसेप्शन होतं. सकाळी रेकॉर्डिंग ऐकताना गाण्याखाली एक आवाज लागला. मांडीवर पडणारा तळहात. एक थाप. मग तीन बोटांची टोकं, करंगळीपासून, एकेक करून. मग थाप आणि हात उलटा. पुन्हा थाप आणि हात उलटा. आदि ताल, आठ मात्रा. आपल्या गावात याचं कुणाला नवल नाही. इथले लोक सिनेमाच्या गाण्यावरही मांडीवर ताल धरतात. असेल कुणी पाहुणा, म्हणून मी सोडून दिलं.

लोक जेवायला गेले, मी गाणं बंद केलं, तरी थाप चालूच होती. पुढे माझ्याच वायरी गुंडाळण्याचा आवाज आहे. त्याही मागे ती आहे.

पुढचा कार्यक्रम वल्लमला, दुसरा मंडप, दुसरी माणसं. तिथेही तेच. मग मी लॅपटॉपवर मोजलं. माझी गाणी मिनिटाला एकशे अठ्ठावीस ठोक्यांच्या वेगानं चालली होती आणि थाप अठ्ठावन्नच्या. दोन्हींचा काही मेळ नाही. एवढ्या गोंगाटात आपलाच वेग धरून ठेवणं पट्टीच्या गवयालाही कठीण. वल्लमला अठ्ठावन्न होता, आधीच्या मंडपात अठ्ठावन्न, आणि पुढच्या महिन्यात कुंभकोणम रस्त्यावरच्या हॉलमध्येही अठ्ठावन्नच. फरक एवढाच की दर वेळी आवाज थोडा जवळून यायचा.

तिसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये हात उलटताना बांगडी वाजली.

मी तुझ्या आईला फोन लावला.

"अक्का, अम्माच्या हातांत बांगडी एकच होती न?"

"होय पा. सोन्याची, ढिल्ली. हात परतला कीं वाजायची. कां विचारतोस?"

मी सगळं सांगितलं नाही. फक्त विचारलं, तुला तो दिवस आठवतो का.

तो दिवस असा. मी अकरा वर्षांचा होतो. दुपारी अम्मा मला चटईवर बसवून कल्याणी रागातली एक कृती शिकवत होती. पल्लवी, अनुपल्लवी झाली, आता चरण, म्हणजे शेवटचा भाग, घ्यायचं होतं. तेवढ्यात शेजारच्या सुंदरच्या घरी टेपरेकॉर्डर आला, दोन स्पीकरचा. खिडकीतून तो आवाज आला आणि मी उठून पळालो. दिवे लागल्यावर परत आलो तेव्हा ती तिथेच बसली होती, हात मांडीवर चालू. मला पाहून तिनं हात थांबवला आणि पुन्हा कधी मला शिकवायला बसली नाही. हे मी जन्मभर असंच धरून चाललो होतो.

फोनवर तुझी आई म्हणाली, "तूं आलास तरी तिचा हात थांबला नव्हता रे. तूं जेवून निजलास. मग मी जवळ गेलें, दोन्ही हातांनी तिचा हात घट्ट धरून बसलें. केव्हां तरी थांबला. तुला सांगूं नको म्हणाली."

मी घाबरायला हवं होतं. खरं सांगतो, मला आनंद झाला. ती आली होती. उशिरा का होईना, शेवटच्या रांगेत येऊन बसत होती. घरी परतल्यावर कुलूप काढायला जो हात जड व्हायचा, तो होईनासा झाला. मी ती खुर्ची अडवून ठेवायला लागलो. तिला सोपं जावं म्हणून गाणी हळू केली, एकशे सोळावर आणली. अठ्ठावन्नच्या दुप्पट. आता थाप ठेक्यावर बरोबर पडायची. लोकही नाचायचे, कुणाला काही कळायचं नाही. माझी चूक झाली ती इथे.

वैशाखात आपल्यातल्याच वेंकटराव आणि कनकलताची साठी होती. सकाळचे विधी झाले, अकराच्या सुमाराला मी गाणी सुरू केली. दोनशे माणसं. त्यांतली अर्धी चेन्नई-कोइम्बतूरची, गाण्याशी काही संबंध नसलेली. पोरं पुढे नाचत होती, मोठी माणसं खुर्च्यांवर गप्पा मारत होती. गाणं एकशे सोळावर स्थिर होतं.

वीज गेली.

जनरेटर सुरू व्हायला पंधरा-वीस सेकंद लागतात. एरवी अशा वेळी पोरं ओरडतात, बायका पदरानं वारा घेतात.

कुणी ओरडलं नाही.

दोनशे तळहात एकदम मांडीवर पडले. मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. थाप. हात उलटा. नाचणारी पोरंही उभ्या उभ्या मांडीवर ताल धरून होती. कडेवरचं एक पोर आईच्या खांद्यावर.

सगळे माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. शिष्यानं चरण उचलावं म्हणून गुरू बघतो तसे.

शेवटची खुर्ची रिकामी होती.

मी काहीच केलं नाही.

जनरेटर घरघरला, गाणं आलं, पोरं जिथे होती तिथून नाचायला लागली. वेंकटराव हसत माझ्याकडे आला. मी म्हटलं, करंट गेला होता, माफ करा.

"करंट गेलता?" तो म्हणाला. "आम्हांला कळलेंच नाही पा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरात तीच चटई अंथरली. रेकॉर्डर चालू केला आणि चरण म्हटलं. सूर लागला नाही, दोन ठिकाणी शब्द अडले, पण शेवटपर्यंत म्हटलं. चाळीस वर्षांहून जास्त उशीर झाला होता. म्हणताना मी रडलो, हेही लिहून ठेवतो.

मग ऐकलं. माझा फाटका आवाज आणि त्याखाली थाप, अगदी जवळ, बांगडीसकट. चरण संपलं, पुन्हा पल्लवी, आणि शेवटच्या मात्रेवर थाप थांबली. पुढे लुगडं सावरल्याचा आणि दार उघडल्याचा आवाज आहे. दार मी उघडलं नव्हतं. त्यानंतर काही नाही. बाहेरच्या गल्लीतले कावळे.

ती उठून गेली. जिंकलो असं वाटायला हवं होतं, पण इतकं रिकामं घर मी कधी पाहिलं नव्हतं. चटईवर तसाच बसून राहिलो, आता परत येईल, मग परत येईल, म्हणून.

त्याला आज नऊ दिवस झाले. सामान का पाठवतोय, व्हॉइस नोट का नको म्हटलं, ते आता तुला कळलं असेल. उजवा हात मांडीवर चालूच आहे, आणि एका हातानं मिक्सर चालवता येत नाही. जेवण जमतं. डाव्या हातानं लिहायला मात्र फार वेळ लागतो.

रेकॉर्डर मी पाठवलेला नाही, तो शोधू नकोस. आणि तुझ्या आईला म्हणावं, सुट्टी मिळाली की दोन दिवस येऊन जा. हात कसा धरायचा ते तिला माहीत आहे.

तुझा,
साईराममामा